बारीक तंगूस

हेमराजबापूंच्या गल्लीत माशाचं नाव निघतं ते कथाकीर्तनातल्या मत्स्यावतारापुरतंच. तापीकाठचं गाव, गुजर पाटलांची गल्ली, घरामागे केळीचे बाग आणि त्यापलीकडे उसाचे फड. इथल्या माणसांनी अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलेलं नाही. अशा गल्लीतला साठीला टेकलेला एक माणूस ऊन कललं की सायकलच्या दांडीला एक लांबुळकी कापडी पिशवी बांधून नदीकडे निघतो, आणि त्या पिशवीत मासे धरायचा रॉड असतो. हे गुपित वगैरे मुळीच नाही. गाव त्यांना ‘सोडणारे बापू’ म्हणतं, कारण धरलेला प्रत्येक मासा ते परत पाण्यात सोडतात. सुरुवातीला लोक हसले. मग हसण्याचा कंटाळा आला, आणि मग तर कुणी पाहुणा आला की बापूंकडे बोट दाखवून कौतुकाने सांगायला लागले.

बापूंना हे कौतुक आवडायचं. आवडायचं नाही असं ते दाखवायचे, तेवढंच.

या नादाची सुरुवात सुरतेच्या दवाखान्यात झाली. बापूंची छाती उघडून डॉक्टरांनी आतल्या नळ्या दुरुस्त केल्या, आणि बाहेर बाकावर बसलेल्या रंजनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, तापीमायला नवस बोलला. माणूस स्वतःच्या पायांनी तुझ्या काठावर येऊन बसला की लापशीचा निवद दाखवीन, तोवर जिभेला गोड लावणार नाही. उसाच्या घरातली ही बाई. अंगणात गुळाच्या ढेपा, दिवसातून चार वेळा चुलीवर चहा, आणि त्या दिवसापासून तिचा कप बिनसाखरेचा.

बापू बरे झाले. डॉक्टरांनी शेतीचं टेन्शन घ्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं, केळीचं सगळं धाकट्या भावाने सांभाळलं, आणि बापू नदीकाठच्या पंपाच्या खोलीपाशी नुसते बसून राहायला लागले. बॅरेजने अडवलेली तापी तिथे तळ्यासारखी पसरलेली असते. बघून बघून माणूस बघणार तरी किती? त्यांचा मुलगा धीरज सुरतेला असतो, नोकरीच्या सुट्टीत मित्रांबरोबर धरणावर मासे धरायला जातो. बाप कंटाळलेला बघून त्याने एक जुना रॉड, रीळ आणि तंगूस, म्हणजे मासे धरायचा नायलॉनचा दोरा, आणून दिला. पाण्यात टाका आणि बसा, म्हणाला, लागलंच काही तर सोडून द्या.

रंजनाबाईंनी तो रॉड बघितला आणि घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. ज्या मायने तुम्हाला परत दिलं तिचीच लेकरं गळाला लावता, एवढं एकच वाक्य त्या म्हणाल्या, पण ते पुरेसं होतं. तिसऱ्या दिवशी दोघांत तह झाला. तह रंजनाबाईंचा, बापूंनी फक्त मान हलवली. धरलेला एकूण एक मासा जिवंत परत जाईल. जेवढे जीव माघारी सोडाल तेवढ्या मुठी गहू मी लोणच्याच्या मोठ्या बरणीत टाकीन. बरणी काठोकाठ भरली की त्याच गव्हाची लापशी तापीमायला, आणि मग मी गोड तोंडात घालीन. म्हणजे तापीमायच्या जन्मदिवशी निवद दाखवून फिटणार होता तो आधीचा नवस आता बापूंच्या गळाला टांगला गेला. बापूंना त्या वेळी यात काही वावगं वाटलं नाही. माणूस नव्याने छंदाला लागला की त्याला कशातच काही वावगं वाटत नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी एकच बोलणं. बापू पंपाच्या पाण्याने अंघोळ करून, हाताला राख चोळून घरी येत. रंजनाबाई ओट्यावरून विचारत.

“सोडा ना पानीमा?”

“सोडा.”

सोडला ना, तर सोडला. मग आत गव्हाच्या कोठीचं झाकण वाजे आणि मूठ बरणीत पडे. जितके मासे तितक्या मुठी. त्यानंतर बापूंच्या हातात चहा, गोडमिट्ट.

आता बापूंच्या सामानाविषयी सांगायलाच हवं, कारण सगळं घडलं ते सामानाच्या निवडीतून. धीरजने दिलेला पहिला रॉड जाड होता, ताठ, फक्त शेंड्याला वाकणारा. त्यावर सुतळीशी शर्यत लावील असला तंगूस. त्याला कटल्यासारखा मोठा मासा लागला की दोन-चार हिसक्यांत काठाला. बापूंना ते बघवलं नाही. हे म्हणजे दावं लावून वासराला गोठ्यातून ओढल्यासारखं, त्यात माशाची काय बाजू राहिली? तो जाड रॉड त्यांनी पंपाच्या खोलीत माळ्यावर टाकला आणि दुसरा निवडायला स्वतः धीरजबरोबर सुरतेच्या दुकानात गेले. दुकानदाराने दहा रॉड दाखवले. बापूंनी प्रत्येकाचा शेंडा हातात धरून वाकवून बघितला आणि सगळ्यांत मऊ, मुठीपर्यंत कमानीसारखा वाकणारा उचलला. त्याला साजेसं छोटं रीळ, आणि रिळावर शिवणाच्या दोऱ्याहून जरा जाड असा बारीक तंगूस. एवढ्या मोठ्या माशांना हा पुरणार नाही, तुटेल, असं धीरज म्हणाला. तुटला तर मासा सुटेल, बापू म्हणाले, सुटावाच. जीव घ्यायचा नाही तर दोरखंड कशाला?

बारीक तंगूस घेऊन मोठा मासा काठाला आणायचा तर ओढून चालत नाही. रिळाच्या तोंडावर एक चकती असते, ती सैल ठेवायची. मासा पळाला की रीळ करकरत दोरा सोडतं, मासा थांबला की आपण गुंडाळायचं, पुन्हा पळाला की पुन्हा सोडायचा. बापू याला ‘माशाची मर्जी राखणं’ म्हणायचे. गळाचा उलटा काटा ते पकडीने चेपून सपाट करत, म्हणजे काढताना ओठ फाटू नये. आमिषाला गांडूळ नाही, ज्वारीच्या पिठात गूळ आणि चिमूटभर हिंग. ते पीठ रंजनाबाई मळून देत. स्वतः गोडाला शिवत नसलेली बाई माशांसाठी गुळाच्या गोळ्या वळी, आणि बोटं पाण्याने धुऊन टाकी.

आणि खरं ते लिहायचं तर बारीक तंगूस नुसत्या दयेपोटी नव्हता. त्या सैल रिळाच्या करकरीची बापूंना चटक लागली होती. जाड दोऱ्यावर जे चार मिनिटांत संपायचं ते आता पाऊण तास चालायचं, ऊन मावळेपर्यंत रॉड वाकलेला, छातीतली दुरुस्त केलेली नळी धडधडतेय, आणि पाण्याखाली कुणीतरी आपल्याएवढंच हट्टी. शेवटी थकलेला कटला आडवा होऊन काठाशी येई. बापू त्याला दोन्ही हातांनी उचलून, “जाय बाप्पा,” म्हणून सोडत. तो हळूच शेपूट हलवत गढूळ पाण्यात दिसेनासा होई. बापूंचे डोळे कधी कधी भरून येत. चटकेला दयेचं नाव दिलं की ती दुप्पट गोड लागते, हे बापूंना फार उशिरा कळलं.

कळलं ते सुगंधाबाईकडून, आणि तिला स्वतःला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

गावाच्या खालच्या अंगाला भिलाटी, म्हणजे भिल्लांची वस्ती, आहे. सुगंधाबाई तिथली. नवरा थंडीपासून गुजरातेत ऊसतोडीला, घरी तीन लेकरं. ती ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून नदीत जाळं लावते आणि मिळेल ते बाजारात विकते. बापूंच्या पंपापासून खाली जिथे नदी वळण घेते आणि जलपर्णी दाटून राहते, तो तिचा भाग. बापूंची आणि तिची ओळख रामराम घालण्यापुरती. वैशाखातल्या एका दुपारी ती पंपावर पाणी प्यायला थांबली आणि सावलीत टेकली. बापूंनी जाळ्याचं विचारलं. जाळ्यात काही राम नाही, ती म्हणाली, बोटाएवढे येतात. पण तापीमाय उपाशी ठेवत नाही. मधूनमधून सकाळी जलपर्णीत एक भला मोठा मासा येऊन पडलेला असतो. ताजा असतो, अंगावर कुठे जखम नसते, जाळ्याचा वळ नसतो. गेली दोन वर्षं असं चाललंय. तिने आधी कुणाला सांगितलं नाही, सांगितलं तर मायचं देणं बंद होईल म्हणून. बापूंना सांगायला हरकत नाही.

का हरकत नाही, हे तिने हात जोडून सांगितलं.

“तुमी सोडतस, बापू, म्हनीसन माय माले वाटा देस. आपली खूण म्हनीसन त्याना व्हटले नथनं भोक पाडीसन धाडस.”

ओठाला नथीचं भोक. बापूंनी हातातल्या गळाकडे बघितलं. काटा चेपलेला गळ ओठाच्या कोपऱ्यात शिरतो आणि निघतो, मागे राहतं ते एक नेटकं बारीक भोक. ते भोक त्यांनी शेकडो वेळा बघितलं होतं आणि आपल्या नाजूक हाताची शाबासकी म्हणून बघितलं होतं. सुगंधाबाई पदराने तोंड पुसून उठली आणि गेली. आमिषाचा गोळा उन्हाने वाळून तडकला.

मनाला समजावण्यात माणूस वकिलाच्या वरताण असतो. बापूंनी स्वतःला सांगितलं की नदीत मासे धरणारे दुसरेही असतील. कुणाच्या तरी गळातून सुटलेला असेल. उन्हाने पाणी तापतं, मासे आपोआपही मरतात. संध्याकाळपर्यंत त्यांनी अशी पाच-सहा कारणं गोळा केली, आणि एकावरही त्यांचा विश्वास बसला नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी जे कधी केलं नव्हतं ते करायचं ठरवलं. सोडलेल्या माशाच्या मागे चालत जायचं.

त्या दिवशी लागला तो कटला चांगला मोठा होता. बापूंनी नेहमीसारखंच केलं, मुद्दामच. मऊ रॉड, सैल चकती, बारीक तंगूस. मासा मधल्या धारेपर्यंत गेला, परत आला, तळाला बसला, पुन्हा गेला. बापूंना आज रिळाची करकर ऐकवत नव्हती, पण घाई करावी तर दोरा तुटणार. बरंच झुंजून मासा आडवा झाला. बापूंनी गळ काढला, मासा सोडला. “जाय बाप्पा,” तोंडातून नुसता वारा निघाला. मासा शेपूट हलवत गेला. रोज ते इथून घरी जायला वळत. आज ते केळीच्या बांधाने, मग बाभळीतून, पाण्यावर नजर ठेवून खाली चालू लागले.

बराच वेळ काही दिसलं नाही. बापूंना हायसं वाटायला लागलं होतं. वळणाशी पोचले तेव्हा जलपर्णीच्या अलीकडे पाण्यात काहीतरी पांढरं चमकलं, बुडालं, पुन्हा वर आलं. माशाचं पोट. बापू धोतरासकट पाण्यात उतरले. डॉक्टरांनी असलं काही करायला मनाई केली होती. त्यांनी मासा दोन्ही हातांत धरला, तोंड धारेकडे केलं, हळूहळू पुढेमागे हलवलं. कल्ले उघडले, मिटले. उघडले. बापू त्याच्याशी बोलत होते, काय बोलत होते ते त्यांनाही सांगता येणार नाही. मग कल्ले उघडे राहिले ते मिटलेच नाहीत.

हातात मेलेला मासा बापूंनी जन्मात पहिल्यांदा धरला. त्याच्या अंगावर खरंच कुठे ओरखडा नव्हता. तो गळाने मेला नव्हता, तो दमून मेला होता. वैशाखातल्या कढत पाण्यात पाऊण तास पळवून बापूंनी त्याचा दम संपवला होता, आणि वर त्याला जीवदान दिलं होतं. जाड तंगुसावर तो दोन-चार हिसक्यांत काठाला आला असता, चिडलेला, पण धडधाकट, आणि पाणी उडवत निघून गेला असता. माळ्यावर टाकलेला तो ताठ रॉड बापूंच्या डोळ्यांपुढे आला.

तेवढ्यात पलीकडून ट्यूब वल्हवल्याचा आवाज आला. सुगंधाबाई. बापूंनी मासा जलपर्णीत ढकलला आणि चोरासारखे बाभळीमागे जाऊन बसले. या तालुक्यात त्यांचं एवढं वय गेलं, कुणाच्या बांधावरचा चिमूटभर चारा त्यांनी कधी उचलला नव्हता, आणि आता ते ओल्या धोतराने काट्यांत दडून बसले होते. सुगंधाबाईला मासा दिसला. तिने तो उचलून आधी कपाळाला लावला. मग ओठाचं भोक बोटाने चाचपलं, नदीकडे तोंड करून हात जोडले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. बापूंनी मान खाली घातली.

संध्याकाळी ओट्यावरून प्रश्न आला, सोडा ना पानीमा? बापूंना सगळं सांगून टाकायचं होतं. रंजनाबाईंच्या हातात बिनसाखरेचा कप होता.

“सोडा,” बापू म्हणाले.

कोठीचं झाकण वाजलं. आजवरच्या मुठी अजाणतेपणाच्या होत्या, त्यांना काही तरी माफी असेल. ही मूठ मात्र त्यांनी डोळे उघडे ठेवून टाकायला लावली होती. चहाचा कप त्यांनी तसाच खाली ठेवला.

त्यानंतर दोन दिवस बापू नदीवर गेलेच नाहीत. छातीत जरा भरून आल्यासारखं वाटतंय, म्हणाले, आणि ते खोटंही नव्हतं. पण बरणी आता काठाशी आली होती, आषाढातली सप्तमी, म्हणजे तापीमायचा जन्मदिवस, जवळ येत होती, आणि रंजनाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मासे धरायला जायचा आग्रह केला. थोड्याच मुठी कमी आहेत, म्हणाल्या. गुळाचं पीठ मळून पिशवीत घातलं. आता बापूंनी काय करावं? ते पंपावर जाऊन बसले. दोऱ्याला नुसतं शिशाचं वजन बांधलं, गळ बांधलाच नाही, आणि ते पाण्यात टाकलं. पिठाच्या गोळ्या पाखरांना घातल्या. संध्याकाळी घरी आले. सोडा ना? सोडा. असं कितीतरी दिवस. गळाशिवाय मासे धरणारा आणि न धरलेले मासे सोडणारा तापीकाठी त्यांच्याशिवाय कुणी झाला नसेल. एकदा गल्लीतल्या एका पोराने विचारलं, बापू, आज किती? बापूंनी दोन सांगितले. तीनसुद्धा सांगता आले असते.

बरणी भरली. रंजनाबाईंनी तिच्यावर स्वच्छ फडकं बांधलं आणि हळदकुंकू वाहिलं. त्या संध्याकाळी त्या गुणगुणत होत्या. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं, दळण व्हायच्या आधी. बापू दोनदा उठून चुलीपाशी गेले आणि दोनदा पाणी पिऊन परत आले. उद्या सांगू, असं म्हणता म्हणता गहू भरडून आले, गुळाची ढेप फुटली.

सप्तमीला प्रकाशा या तीर्थाच्या घाटावर गर्दी होती. बायका नदीला साडी नेसवत होत्या, एका साडीचा पदर दुसऱ्या साडीच्या पदराला बांधून धारेत सोडत होत्या. रंजनाबाईंनी पानावर लापशी वाढली, पाण्याशी वाकून निवद दाखवला, पान धारेत सोडलं. लापशी वाहत गेली. त्याच घाटावर चार पायऱ्या खाली सुगंधाबाई नारळ घेऊन उभी होती. तिने बापूंना बघून हसून मान हलवली, आणि नारळ नदीला दिला. बापूंना तेव्हा दिसलं ते असं की दोघी एकाच माशाबद्दल नदीचे आभार मानतायत. एक तो जगला म्हणून आणि एक तो मेला म्हणून. आणि ज्याने दोघींना फसवलं तो मधल्या पायरीवर नवं धोतर नेसून उभा आहे.

रंजनाबाई वर येऊन बसल्या. डब्यातून प्रसादाची लापशी बोटांवर घेतली. इतक्या वर्षांनी गोड. त्यांनी डोळे मिटले आणि हात तोंडाशी नेला. बापूंनी त्यांचं मनगट धरलं.

“धीरजनी माय, नको खाऊ. मी सोडात, पन त्या जगनात नही.”

आधी त्यांना कळेना. बापूंनी तिथेच सगळं सांगितलं, तंगुसाचं, नथीच्या भोकाचं, बाभळीमागे लपल्याचं, गळाशिवाय टाकलेल्या दोऱ्याचं. सगळे मेले का, त्यांनी विचारलं. तेच तर ठाऊक नाही, बापू म्हणाले, काही जगले असतील, थंडीतले जगले असतील, कोणते ते कसं सांगू? खऱ्या आणि खोट्या मुठी एकाच बरणीत, एकाच पिठात. मग रंजनाबाईंनी विचारलं ते एवढंच की कधीपासून ठाऊक होतं. उन्हाळ्यापासून, बापू म्हणाले. रंजनाबाईंनी मनगट सोडवून घेतलं. ओरडल्या असत्या तर बापूंना बरं वाटलं असतं.

“मी नही खादं,” त्या धारेकडे बघत म्हणाल्या, “पन मायनी ते खाई लिधं ना.”

निवद गेलेलाच होता. त्यांचा हात धरायला बापूंना धीर आला तो नदीला खोटं खाऊ घालून झाल्यावर. डब्यातली लापशी रंजनाबाईंनी घाटावरच्या पोरांना वाटून टाकली. घरी येताना रिक्षात दोघांच्या मध्ये रिकामा डबा होता आणि तो खड्ड्याखड्ड्याला वाजत होता.

संध्याकाळी चहा झाला. रंजनाबाईंनी बापूंपुढे कप ठेवला. एक घोट घेतल्यावर बापूंच्या लक्षात आलं की त्यात साखर नाही. त्यांनी तो संपवला. त्या चहाची चव अशी असते हे इतकी वर्षं शेजारी बसून त्यांना ठाऊक नव्हतं. मग रंजनाबाईंनी धुऊन पुसलेली बरणी आणून त्यांच्यापुढे ठेवली.

“आते मूठ तुमीच टाका,” त्या म्हणाल्या.

बापू मासे धरणं सोडून देतील असं त्यांना स्वतःलाही वाटलं होतं. पण सोडून देणं फार सोपं होतं. त्यांनी पंपाच्या माळ्यावरून तो पहिला ताठ रॉड काढला, झटकला. मोठं रीळ आणलं, जाड तंगूस गुंडाळला, चकती आवळली. आता मासा लागला की ते मर्जी राखत बसत नाहीत. सरळ ओढून काठाला आणतात, पाण्याबाहेर उचलत नाहीत, पाण्यातच पकडीने गळ मोकळा करतात. मासा संतापून तोंडावर पाणी उडवतो आणि जातो. त्यात मजा नाही. रिळाची करकर नाही, धडधड नाही. पाणी तापलेलं असेल त्या दिवशी ते गळ टाकतच नाहीत. आणि सोडलेल्या प्रत्येक माशामागे ते वळणापर्यंत चालत जातात, जलपर्णीशी उभे राहतात, अंधारून येईपर्यंत पाणी बघतात. काही पांढरं दिसलं नाही तर घरी येऊन, हात धुऊन, एक मूठ टाकतात. रंजनाबाई चुलीपाशीच असतात. त्या आता विचारत नाहीत. तो प्रश्न परत यावा म्हणून बापू काय वाटेल ते देतील, पण तो त्यांच्या हातचा राहिलेला नाही.

दिवाळी झाली, केळीवर धुकं यायला लागलं. बरणीचा तळ तेवढा झाकला होता. अशाच एका संध्याकाळी बापू वळणाशी उभे होते. पाणी स्वच्छ होतं, काही तरंगत नव्हतं, आणि पुष्कळ दिवसांनी त्यांना जरा हलकं वाटत होतं. सुगंधाबाई ट्यूब ओढत काठाला आली. ती वाळलेली दिसत होती. नवरा पुन्हा तोडीला गेला होता. जाळ्यात मूठभर चिल्लर होती. ती ट्यूब तशीच टाकून बापूंपाशी आली, घुटमळली, जाड तंगुसाकडे बघितलं, मग खाली बघत हळू आवाजात म्हणाली,

“बापू, राग नका धरू. वैशाखपासून मायनी एकबी मासा धाडा नही. तुमी सोडानं बंद करं का?”

बापूंनी तोंड उघडलं. खरं सांगावं तर हिच्या मायने हिला कधी काही दिलंच नव्हतं असं सांगावं लागणार होतं.

“नही,” ते म्हणाले, “सोडस ना.”

तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नाही हे तिच्या तोंडावर दिसत होतं. सोडणारे बापू खोटं बोलतात असं तिला आजवर कधी वाटलं नव्हतं. तिने चिल्लर मासे पदरात बांधले आणि ती भिलाटीकडे निघून गेली.